हाताने दोन फेरे

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बडोदे येथे उद्योगवर्गाच्या विद्यार्थ्यांना हत्यारपेट्या देण्याच्या प्रसंगी झालेले भाषण)



आजच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा मी प्रथम त्यांना नकारच दिला होता. व्यासपीठावर शोभणारी माणसे निराळी. माझे निम्मे आयुष्य मोटारीखाली उताणे पडण्यात गेले. परंतु चिटणीस म्हणाले, "मग तेथे उताणे पडून जे शिकलात, तेवढेच सांगा." या बोलण्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. शिवाय सन 1996 मध्ये माझ्या औद्योगिक शिक्षणाची फी ज्या संस्थेने भरली, तिच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी तिची आज्ञा मोडणे मला शोभले नसते. म्हणून मी आपल्यापुढे उभा आहे.

मी बरोबर एक वस्तू आणली आहे. या फडक्यात आहे ती. मुलांनो, ही पुढच्या रांगेतून हातोहात फिरवा आणि शेवटी मला परत द्या. हा एका डिझेल मोटारीच्या इंजिनातील व्हॉल्व्ह आहे. पाहताना तो सरळ वाटेल. पण काचेवर ठेवून बोटाने लोटला, तर त्याची दांडी डुलत डुलत जाते. एवढासा बाक त्याला कसा आला, तो कोणी आणला आणि कशाने टळला असता, एवढाच आजचा माझा विषय आहे. मोटारीचे इंजिन पुन्हा जोडताना टायमिंगचा पट्टा बरोबर बसला की नाही, हे कसे तपासावे, असे त्याचे नाव ठेवता येईल.

विषय यंत्राचा आहे, म्हणून सभेतील वडीलधाऱ्या मंडळींनी व भगिनींनी कंटाळू नये. सन 1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी याच शहरात कलाभवन काढले आणि त्याचा कारभार प्रो. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिला. कारागिराच्या मुलाला हुन्नर त्याच्या स्वतःच्या भाषेतून शिकविला पाहिजे, असा गज्जरांचा आग्रह होता. त्याच गावात आपण बसलो आहोत; तेव्हा पट्ट्याची गोष्ट मराठीतून सांगता येते की नाही, ते पाहू.

इंजिनात दोन मुख्य दांडे असतात. खाली क्रँक, त्याला पिस्टन जोडलेले असतात आणि ते वरखाली होतात. वर कॅम; तो व्हॉल्व्ह उघडतो व मिटू देतो. हवा आत घेणे, दाबणे, पेटणे आणि धूर बाहेर टाकणे अशी चार कामे एका पिस्टनाला करावयाची असतात, आणि तेवढ्यात क्रँक दोन वेळा फिरतो. व्हॉल्व्ह मात्र या चार कामांत एकेकदाच उघडावयाचा, म्हणून कॅम एकदाच फिरतो. क्रँकचे दोन फेरे आणि कॅमचा एक, हा हिशेब मुलांनी पक्का ध्यानात ठेवावा; पुढचे सारे त्यावरच उभे आहे. क्रँकच्या दातेरी चाकाला 20 दाते असले, तर कॅमच्या चाकाला 40 असतात, ते याच कारणाने. या दोन चाकांना बांधून ठेवणारा जो दातेरी रबरी पट्टा, तो टायमिंग बेल्ट.

भगिनींना हे निराळ्या शब्दांत सांगतो. शिवणयंत्रात वर सुई असते व खाली बॉबिन. सुई खाली जाऊन वर उठू लागते त्याच क्षणी खालच्या आकड्याने दोरा पकडावयास हवा. हा मेळ थोडा चुकला तर टाके सुटतात, फार चुकला तर सुई मोडते. इंजिनाचेही तसेच आहे. आणि यात नवल म्हणजे, दातेरी रबरी पट्टा 1940 च्या दशकात अमेरिकेत प्रथम पुढे आला, तो शिवणयंत्रातील हाच मेळ राखण्यासाठी. मोटारीत तो नंतर आला. बव्हेरियातील डिंगॉलफिंग गावच्या ग्लास कंपनीने सन 1962 मध्ये आपल्या 1004 या लहान मोटारीत वरच्या कॅमसाठी असा पट्टा वापरला. मोठ्या संख्येने निघालेल्या मोटारींत ती पहिली समजली जाते.

आपल्या वडिलांच्या काळी येथे अँबॅसडर आणि फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, या दोन गाड्यांचे राज्य होते. त्यांचा कॅम खाली ठोकळ्यातच असे आणि त्याला फिरविणारी लोखंडी साखळी आखूड असे. ती झिजली की खडखडे, आणि मिस्त्रीला घरी बसूनही कळे. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. तिच्या इंजिनात कॅम वर आणि पट्टा रबराचा. रबरी पट्टा हलका, त्याला तेल नको, आवाज नाही. पण त्याचा हाच गुण अवगुण ठरतो. बहुधा तो तुटण्यापूर्वी काही बोलत नाही आणि चुकीचा बसला तरीही बोलत नाही. साखळीवर शिकलेल्या जुन्या हातांना तेव्हा नव्याने शिकावे लागले.

आता त्या व्हॉल्व्हची हकीगत सांगतो. मुलांसमोर स्वतःची चूक सांगण्यात लाज वाटते खरी, पण न सांगण्यात अधिक वाटेल.

सन 2001 ची गोष्ट. मी एका गॅरेजात नोकरीस होतो. आमचे उस्ताद गावी लग्नाला गेले होते. त्याच सुमारास एका टॅक्सीवाल्या काकांची डिझेल गाडी आली. हेडचे गॅस्केट गेले होते. हेड उतरविणे, घासून आणणे, नवे गॅस्केट घालून परत बसविणे, हे सारे मी केले, आणि चांगले केले. उरला होता पट्टा. संध्याकाळ झालेली. काकांना दुसऱ्या दिवशी पहाटे एका कुटुंबाला घेऊन अंबाजीला जावयाचे होते. शेठ दोनदा येऊन विचारून गेले.

डिझेल इंजिनात तीन चाकांच्या खुणा जुळवाव्या लागल्या: क्रँकची, कॅमची आणि डिझेल पंपाची. कॅमची व पंपाची मी नीट जुळविली. क्रँकचे चाक सर्वांत खाली, अंधारात आणि तेलामातीने माखलेले. त्यावर मला एक पांढरा ठिपका दिसला. मी तीच खूण समजलो. तो ठिपका कारखान्याचा नव्हताच. पूर्वी कोणा कारागिराने पट्टा काढताना, इंजिन ज्या स्थितीत उभे होते त्या स्थितीत, आपल्या सोयीसाठी रंग लावून ठेवला होता. त्याच्यापुरता तो खरा, माझ्यापुरता खोटा. खरी खूण, ठोकून उठविलेली, मळीखाली दडलेली होती. मी फडके मारले असते तर दिसली असती.

पट्टा चढविला, ताण दिला. पुस्तकात लिहिलेले आणि उस्तादांनी शंभर वेळा सांगितलेले मला आठवले, की आता क्रँकच्या बोल्टाला पाना लावून हाताने दोन फेरे द्यावयाचे. मी पाना लावला. अर्धा फेराही झाला नसेल, तोच तो अडला. मी स्वतःशी म्हणालो, डिझेल इंजिन आहे, दाब असणारच. हीटर प्लग मी काढले नव्हते, त्यामुळे मला तसे समजण्यास जागाही होती. बाहेरून शेठांची हाक आली. मी पाना काढला, बॅटरी जोडली आणि सेल्फ मारला.

तो आवाज मी आजवर विसरलो नाही. फार मोठा नव्हता. टक्, टक्, आणि मग काही नाही.

डिझेल इंजिनात हवा पेट्रोल इंजिनापेक्षा कितीतरी अधिक दाबावी लागते. त्या जातीच्या जुन्या इंजिनांत वीसपटीहून अधिक. म्हणून पिस्टन वर आला की त्याच्या डोक्यावर जागा फारच थोडी उरते. त्या वेळी व्हॉल्व्ह उघडून खाली आलेला असला, तर दोघांची गाठ पडते, आणि वाकतो तो व्हॉल्व्ह. आठांपैकी पाच वाकले होते. हेड पुन्हा उतरवावे लागले. गाडी नऊ दिवस उभी राहिली. खर्चाचा अर्धा भाग शेठांनी सोसला, अर्धा माझ्या पगारातून दहा महिने कापला गेला. त्याचे दुःख मी करीत नाही. तो न्यायच होता.

पण टॅक्सीवाल्या काकांचे काय? गाडी कर्जाची होती. अंबाजीचे कुटुंब दुसऱ्या गाडीने गेले आणि पुढेही दुसऱ्याच गाडीने जाऊ लागले. काका रोज सकाळी येऊन गॅरेजच्या बाकावर बसत. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. चौथ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावून एवढेच विचारले, "बाळा, ते तपासून पाहायला किती वेळ लागला असता?"

मी म्हणालो, "काका, दहा मिनिटं."

त्यांनी मान हलविली आणि ते चहा प्यायला गेले.

उस्ताद परत आले तेव्हा मला वाटले, आता मार बसणार. त्यांनी एक काच आणविली, तीवर ते पाचही व्हॉल्व्ह एकामागून एक माझ्याकडून लोटविले आणि म्हणाले, "इंजिनाने तुला सांगितलं होतं. हात अडला, तेव्हाच सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस." त्यानंतर त्यांनी मला पट्टा बसविण्याची रीत पहिल्यापासून पुन्हा शिकविली, आणि तीच आज मी तुमच्या हाती देत आहे. ती थोडक्यात, पण क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, आधी धुणे-पुसणे. खुणा शोधण्यापूर्वी चाके व त्यांच्यामागची पाठ ब्रशाने स्वच्छ करा. क्रँकची खूण आतल्या दातेरी चाकावर पाहावयाची. बाहेरच्या मोठ्या पुलीवर खूण असते, ती बहुधा ठिणगीची वेळ पाहण्यासाठी. तिच्यावर विसंबू नका. काही चाकांवर एकाहून अधिक खुणा असतात, कारण तेच चाक दोन-तीन जातींच्या इंजिनांत वापरलेले असते. आपल्या इंजिनाची कोणती, ते पुस्तकात पाहा. पुस्तक इंग्रजीत असले तरी चित्र सर्व भाषांत असते. आणि दुसऱ्याने लावलेला रंग दिसला, तर तो आधी पुसून टाका. काही इंजिनांत खुणांऐवजी भोके असतात व त्यांत पिन घालून चाके जागी धरावयाची असतात. तेथे ध्यानात ठेवा, की ती पिन जागा दाखविण्यासाठी आहे. तिच्या जोरावर बोल्ट आवळू नये, आणि पिन आत असताना सेल्फाला हातही लावू नये.

दुसरी गोष्ट, पट्ट्याच्या वाटेवरची सर्व चाके व सिले पाहून घ्या. पुढच्या सिलातून तेल गळत असेल, तर नवा पट्टा घालणे म्हणजे फाटक्या छपराखाली नवी गादी घालणे होय. तेलाने रबर फुगते व दाते सुटतात. पट्टा दुमडू नका, पिळू नका, रॉकेलने पुसू नका. काही इंजिनांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर चालतो; तो जुना असेल तर त्याच वेळी बदलावा, नाहीतर त्याच्यासाठी हे सारे पुन्हा उघडावे लागते.

तिसरी गोष्ट, खूण समोरून पाहा. उभे राहून वरून पाहिले तर अर्धा दात इकडचा तिकडे दिसतो. गुडघे टेका, डोळा खुणेच्या उंचीवर आणा. डोळा पोहोचत नसेल तेथे आरसा लावा. वर सांगितलेल्या हिशेबाने, 40 दात्यांच्या कॅमवर एक दात म्हणजे 9 अंश, आणि तेच क्रँकच्या भाषेत 18 अंश. अर्धा दात अशी चूक असतच नाही. पट्टा एक तर बरोबर असतो, नाहीतर पुरा एक दात चुकलेला असतो. खुणा थोड्याशा सरकलेल्या दिसल्या, तर पट्टा एक दात फिरवून पाहा आणि अधिक जवळ कोठे येतात ते ठरवा.

चौथी गोष्ट, आणि ही फार महत्त्वाची. पट्ट्याला दोन बाजू असतात. क्रँक ज्या बाजूने कॅमला ओढतो ती ताठ बाजू. दुसऱ्या बाजूला टेन्शनर. पट्टा क्रँकपासून चढवीत ताठ बाजूने कॅमकडे न्यावयाचा, आणि तिकडे तसूभरही ढील ठेवावयाची नाही. जी काही ढील असेल ती सगळी टेन्शनरच्या बाजूला. ताठ बाजूस ढील राहिली, तर उभ्या इंजिनात खुणा अगदी जुळलेल्या दिसतात. इंजिन फिरले की क्रँक ती ढील ओढून घेतो आणि कॅम मागे राहतो. उभे इंजिन खोटे बोलते, मित्रहो. फिरलेले इंजिन खरे बोलते. दोन फेऱ्यांचे मर्म येथेच आहे.

पाचवी गोष्ट म्हणजे ते दोन फेरे. पेट्रोल इंजिनाचे स्पार्क प्लग किंवा डिझेलचे हीटर प्लग आधी काढा. मग दाबलेली हवा निघून जाते आणि पाना हलका चालतो. यापुढे जर पाना अडला, तर ते हवेचे अडणे नव्हे, धातूचे आहे. प्लग आत असतील तर दोन्हींत फरक असा, की हवेचा अटकाव रबरासारखा असतो, जोर धरून ठेवला की हळूहळू सुटतो. धातूचा अटकाव भिंतीसारखा असतो. पण हा फरक ओळखण्याच्या भरीस नवशिक्याने पडू नये. प्लग काढावेत. पाना क्रँकच्या बोल्टाला लावावा, कॅमच्या कधीही नाही. इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने फिरवावे. बहुतेक इंजिने पट्ट्याच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. पण सर्वच नव्हेत, म्हणून खात्री करून घ्यावी. सावकाश फिरवा. अडले की थांबा. जोर करू नका. पट्टा काढा आणि पहिल्यापासून सुरू करा. त्यात कमीपणा नाही.

फेरे दोनच का, असे कोणी विचारील. एका फेऱ्यात क्रँकची खूण परत जागेवर येते, पण कॅम अर्धाच फिरलेला असतो व त्याची खूण विरुद्ध बाजूला जाते. दुसरा फेरा झाला की सर्व चाके मूळ जागी येतात. तेव्हा पुन्हा गुडघे टेकून सर्व खुणा पाहा. येथे नवशिके एका गोष्टीने घाबरतात. नव्या पट्ट्यावर कधी कधी रेघा छापलेल्या असतात, त्या बसविताना चाकांच्या खुणांशी जुळतात आणि दोन फेऱ्यांनंतर मात्र भलतीकडेच दिसतात. घाबरू नका. पट्टा 100 दात्यांचा व क्रँकचे चाक 20 दात्यांचे असेल, तर दोन फेऱ्यांत पट्टा 40 दातेच पुढे सरकतो. रेघा व खुणा पुन्हा एकत्र येण्यास क्रँकचे दहा फेरे लागतील. रेघा बसविताना कामाच्या, तपासताना नव्हेत. तपासताना चाकांच्या खुणाच पाहाव्यात.

शेवटी ताण. सैल पट्टा दात उडी मारतो. फार ताठ पट्टा कण्हतो आणि बेअरिंगे खातो. ताण प्रत्येक इंजिनाचा निराळा, म्हणून तो पुस्तकाप्रमाणेच द्यावा. ताण दिल्यावर पुन्हा दोन फेरे, पुन्हा खुणा. आणि सर्व झाले की तारीख व किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून इंजिनाजवळ चिकटवावे. रबर चालण्याने झिजते तसेच नुसते उभे राहूनही म्हातारे होते. म्हणून किलोमीटर आणि वर्षे, यांतले जे आधी भरेल ते धरावयाचे.

या शेवटच्या वाक्यावरून मला आपल्या संस्थेच्या रुग्णवाहिकेची गोष्ट आठवते, आणि ती मी चिटणीसांच्या परवानगीने सांगतो. गेल्या वर्षी ती पेट्रोलची व्हॅन माझ्याकडे आली. किलोमीटर फारसे झाले नव्हते, म्हणून पट्टा बदलण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते. पण वर्षे मोजली तर पट्टा केव्हाच वयातीत झालेला. आमच्या उद्योगवर्गातील एक विद्यार्थिनी तेव्हा माझ्या हाताखाली शिकत होती. पट्टा मीच चढविला. एवढी वर्षे झाली, शेकडो पट्टे या हातांनी बसविले. त्या दिवशी एका हातात फोन होता, दुसऱ्या हाताने पट्टा सारला. खुणा पाहिल्या, जुळल्या होत्या. मी म्हणालो, "झालं. प्लग लाव, सेल्फ मारू."

ती म्हणाली, "काका, दोन फेरे राहिले."

मी म्हणालो, "मग दे तूच."

तिने पाना लावून सावकाश दोन फेरे दिले, गुडघे टेकले, आरसा धरला, आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "काका, वरची खूण एक दात मागं आहे."

मी स्वतः वाकून पाहिले. एक दात मागे होती. ताठ बाजूस ढील राहिली होती, ती माझ्या फोनवाल्या हाताची. एक दात चुकलेले असे इंजिन बहुधा सुरू होते. आवाजही विशेष येत नाही. फक्त ओढ कमी पडते, गाडी सुस्त चालते, तापते. रिकाम्या रस्त्यावर कोणाच्या ध्यानातही आले नसते. पण उड्डाणपुलाच्या चढावर, आत रुग्ण व त्याचे दोन नातेवाईक असताना, ते ध्यानात आले असते. मोठा बिघाड लगेच कळतो व दुरुस्त होतो. असा लहान बिघाड महिनेन् महिने गाडीबरोबर फिरतो, आणि कधी, कोणाला नडेल ते सांगता येत नाही.

आम्ही पट्टा काढून पुन्हा बसविला. या खेपेस फोन टेबलावर ठेवला होता. दोन फेरे तिनेच दिले, मी पाहिले. मग मी दिले, तिने पाहिले. ती गाडी आज बाहेर फाटकापाशी उभी आहे. येताना आपण पाहिली असेल.

म्हणून मुलांनो, तपासणी ही नवशिक्याने करावयाची व उस्तादाने सोडून द्यावयाची गोष्ट आहे, असे समजू नका. मला चूक झाली तेव्हा मी नवशिका होतो, आणि दुसरी झाली तेव्हा दुकानाच्या पाटीवर माझे नाव होते. फरक इतकाच, की पहिल्या वेळी तपासणी अर्धी सोडली आणि दुसऱ्या वेळी कोणीतरी ती सोडू दिली नाही. आपल्या हाताखालच्या पोराने "राहिलं" म्हटले, तर त्याला गप्प बसवू नये, एवढे मी दुकानदारांनाही सांगू इच्छितो.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, की आता अनेक नव्या इंजिनांत पुन्हा साखळी आली आहे, काहींत पट्टा तेलातच चालतो, आणि विजेच्या मोटारीत तर व्हॉल्व्हही नाही व पट्टाही नाही. हे खरे आहे. तुमच्या उमेदीच्या काळात हा पट्टा नाहीसाही होईल. पण रस्त्यावर आज ज्या जुन्या गाड्या आहेत, त्या गरिबांच्या पोटापाण्याच्या आहेत, आणि त्या तुमच्याकडेच येणार. शिवाय जे यंत्र येईल त्यात काहीतरी जोडावयाचे असेलच, आणि जोडले ते बरोबर आहे की नाही हे वीज देण्यापूर्वी पाहावयाचे असेलच.

आज तुम्हांला मिळणाऱ्या हत्यारपेट्यांत, विश्वस्तांच्या संमतीने, मी माझ्याकडून तीन लहान वस्तू घातल्या आहेत: एक पितळी ब्रश, एक विजेरी आणि दांडीचा एक आरसा. किंमत फार नाही. मळीखालची खूण दिसण्यास एवढ्या पुरतात. आणि तो वाकडा व्हॉल्व्ह आता फिरून माझ्याकडे आला असेल, तर तो मी परत नेणार नाही. बाकीचे चार उस्तादांनी भंगारात टाकले होते. हा मी एवढी वर्षे दुकानात खिळ्याला टांगून ठेवला होता. तो उद्योगवर्गाच्या भिंतीवर लावावा, अशी माझी गुरुजींना विनंती आहे. शेजारी एक काच ठेवावी. ज्याला आपण फार घाईत आहोत असे वाटेल, त्याने तो एकदा काचेवर लोटून पाहावा.